तापमान प्रायव्हेट आहे

३ मार्च, सोमवार

आजपासून मी पुन्हा नोकरदार. मुलगी दोन वर्षांची असताना नोकरी सोडली होती. आता ती पंधराची आहे आणि माझ्यापेक्षा वीतभर उंच. मधल्या तेरा वर्षांत प्रोग्रॅमिंग कुठल्या कुठे गेलं आणि मी होते तिथंच उभी, असं सकाळी बसथांब्यावर वाटत होतं.

ही कंपनी बेकऱ्यांसाठी विजेच्या भट्ट्या बनवते. खोलीएवढाल्या. भट्टी किती तापवायची, कधी थांबायचं, दार केव्हा उघडू द्यायचं, हे ठरवणारा प्रोग्रॅम आम्ही लिहायचा. आम्ही म्हणजे मी आणि आणखी एकजण. माझं टेबल प्रिंटर आणि बेसिन यांच्या मधोमध आहे. एका बाजूनं लोक कागद घ्यायला येतात, दुसऱ्या बाजूनं चूळ भरायला.

साहेबांनी काम सांगितलं. "साधी भट्टी आपण अठरा वर्षं विकतोय. तिचा प्रोग्रॅम ह्यांचा आहे. त्याच्यावरून तुम्ही तीन मजली भट्टीचा करायचा. सत्तावीस तारखेला गिऱ्हाईक बघायला येणार आहे. अडलं तर ह्यांना विचारा."

'हे' म्हणजे पंचावन्नच्या आसपासचे, बिनबाह्यांचा स्वेटर घातलेले एक गृहस्थ. "नमस्कार" म्हणाले आणि जणू मी चावणार असल्यासारखे मागे सरकले. त्यांच्यामागे सगळे त्यांना 'कुलूप' म्हणतात. ड्रॉवरला कुलूप, कपाटाला कुलूप, जेवणाच्या डब्यालासुद्धा एक इवलंसं पितळी कुलूप.

मी ठरवून टाकलंय, काहीही होवो, विचारायचं नाही. तीन महिने मी कच्ची आहे. पक्कं करायचं की घरी पाठवायचं ते नंतर ठरणार. तेरा वर्षांनी आलेल्या बाईनं पहिल्याच आठवड्यात "हे कसं करायचं हो?" म्हटलं की झालंच. झाकली मूठ सव्वा लाखाची.

घरी आल्यावर तोंड धुताना डोळ्यांत साबण गेला. निघायला बराच वेळ लागला. मुलीनं दाराबाहेरून विचारलं, "कसा होता गं दिवस?" म्हटलं, "काही नाही, छान."

४ मार्च, मंगळवार

अडलं.

प्रोग्रॅममध्ये प्रत्येक भट्टीचा एक साचा असतो, त्याला क्लास म्हणतात. कुलपांनी लिहिलेला साध्या भट्टीचा क्लास म्हणजे पॅरेंट. मी लिहितेय तो तीन मजली भट्टीचा क्लास म्हणजे त्याचं अपत्य. पॅरेंटमध्ये जे असेल ते अपत्याला आपोआप मिळतं. भट्टी तापवणं, थांबवणं, दार अडकवणं, घंटी वाजवणं, सगळं आयतं मिळालं. मला फक्त एकच गोष्ट हवी होती. आत्ता भट्टी किती तापली आहे? तो आकडा 'तापमान' नावाच्या फील्डमध्ये, म्हणजे क्लासमधल्या एका खणात, आहे आणि त्याच्या डोक्यावर कुलपांनी लिहून ठेवलंय 'प्रायव्हेट': क्लासबाहेरच्या कुणी हात लावायचा नाही.

म्हणजे आकडा माझ्या भट्टीच्या पोटातच आहे. वारशानं आला आहे, मिनिटामिनिटाला बदलतो आहे, पण मी त्याचं नाव घेतलं की पडद्यावर लाल अक्षरं येतात: 'तापमान प्रायव्हेट आहे.' सकाळपासून सतरा वेळा आली. बापाच्या घरात राहायचं, बापाचं खायचं, आणि बापाला ताप किती आहे ते विचारायची सोय नाही!

एकदा मान वर केली तर कुलूप माझ्याकडेच बघत होते. लगेच खिडकीबाहेर बघायला लागले. खिडकीबाहेर भिंत आहे.

६ मार्च, गुरुवार

सुटलं! आणि इतकं सोपं होतं की मला माझंच कौतुक वाटलं. पॅरेंट आपलं 'तापमान' देत नाही ना? नको देऊ. मी माझ्या क्लासमध्ये माझं स्वतःचं 'तापमान' केलं. अगदी त्याच नावाचं. सुरुवातीला आत वीस हा आकडा ठेवला, खोलीत असतं तेवढा. लाल अक्षरं गायब. प्रोग्रॅम मुकाट्यानं चालू झाला.

मी खुर्चीत जरा रेलून बसले होते, तेवढ्यात कुलूप बेसिनकडे जाताना माझ्या मागे थांबले. पडद्याकडे बघितलं. घसा साफ केला. "दोन होतात," म्हणाले, आणि हात न धुताच परत गेले.

मी घड्याळ बघितलं. साडेबाराच वाजले होते. जेवणाची सुट्टी दोनपर्यंत असते हे मला माहीत आहे. नव्या बाईनं डबा खाताना घड्याळ बघावं असं सुचवायचं असेल. पण दीड तास आधी?

१० मार्च, सोमवार

आज खाली चाचणीच्या खोलीत पहिली खरी भट्टी लावली. तिथलं राज्य मावशींचं. वय बासष्ट. चाचणीसाठी पाव मळणं, भाजणं, फोडून बघणं आणि सगळ्यांना नावं ठेवणं हे त्यांचं काम. चाळीस पाव आत गेले. माझा हिशेब असा, की तापमान दोनशे दहाच्या खाली असेल तर तापव, तिथं पोचलं की थांब.

पडद्यावर तापमान वीस. पाच मिनिटांनी वीस. दहा मिनिटांनी वीस. मी मावशींना म्हटलं, "मोठी भट्टी आहे, वेळ लागणारच." मावशी म्हणाल्या, "अगं, माझ्या भुवया वितळायला लागल्यात."

शेवटी तीनशेवर पॅरेंटची स्वतःची सुरक्षा जागी झाली आणि तिनं वीज तोडली. मावशींनी आतून जे काढलं त्याला पाव म्हणणं म्हणजे पावाचा अपमान. त्यांनी एक उचलला, भिंतीवर आजची तारीख लिहिली, आणि म्हणाल्या, "छान उमटतंय."

कुलूप आग विझवायचं लाल नळकांडं घेऊन धावत आले होते. पावाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "दोन झाले ना," हळूच म्हणाले.

तेव्हा अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. मला एकदम त्यांची दयाच आली. एवढा कुलूपबंद माणूस आणि मनगटावर बंद पडलेलं घड्याळ.

मुलगी: "कसा होता दिवस?" मी: "काही नाही, छान." केसांना जळका वास येत होता.

११ मार्च, मंगळवार

कारण सापडलं. माझं 'तापमान' आणि पॅरेंटचं 'तापमान' या दोन वेगळ्या वस्तू आहेत. नाव तेवढं सारखं. खऱ्या भट्टीचा आकडा पॅरेंट आपल्याच फील्डमध्ये भरत होता, आणि मी माझ्या फील्डमधल्या विसाकडे बघत बसले होते. एकाच घरात एकाच नावाची दोन माणसं; पत्र एकाला येतंय आणि वाट दुसराच बघतोय. भट्टीच्या पोटात दोन तापमानं, त्यातलं एक खरं आणि एक माझं.

कुणालाच विचारावं लागलं नाही, माझं मी शोधलं. दोन दिवस आणि चाळीस पाव गेले, पण शोधलं.

जेवताना मुलगी मध्येच म्हणाली, "आई, ते काका घड्याळाबद्दल बोलत नसतील." मी म्हटलं, "मग कशाबद्दल?" ती म्हणाली, "बघ विचार करून." नवरा म्हणाला, "कुठले काका?" मग विषय कोशिंबिरीवर गेला. मी तिला घड्याळाचं कधी सांगितलं ते आठवत नाही. बोलून गेले असेन. हल्ली मी बडबडते फार.

१३ मार्च, गुरुवार

आज माझ्या नावाचा जयजयकार झाला. म्हणजे साहेब "वा" म्हणाले.

काल इंटरनेटवर वाचता वाचता मला एक वाट सापडली. त्याला 'रिफ्लेक्शन' म्हणतात. भाषा स्वतःच सांगते की प्रायव्हेटला हात लावू नका, आणि तीच भाषा मागच्या अंगणात येऊन कानात सांगते की अगदीच हवं असेल तर असं करा. फील्डचं नाव मजकुरासारखं लिहायचं, "ते अमुक नावाचं आहे ना, ते उघड" म्हणायचं, आणि ते उघडतं. दाराचं कुलूप जसंच्या तसं. आपण फक्त बिजागऱ्या काढायच्या.

खरा आकडा आला. एकशे ऐंशी, दोनशे, दोनशे दहा, आणि भट्टी थांबली. चाळीस पाव असे फुलले की मावशींना नाव ठेवायला जागा सापडेना, म्हणून त्यांनी ट्रेला नावं ठेवली. साहेबांनी उभ्या उभ्या अर्धा पाव खाल्ला.

कुलपांनी विचारलं, "कसं केलंत?" मी म्हटलं, "जमलं." ते म्हणाले, "नाही, म्हणजे, मला विचारलं असतंत तर मी..." तेवढ्यात साहेबांनी मला बोलावलं. जळतात बिचारे. स्वाभाविक आहे. अठरा वर्षांचं कुलूप नव्या बाईनं दहा दिवसांत उघडलं.

ही वही आजपासून कपाटातून शिलाई मशीनच्या पेटीत हलवली आहे. वहीच्या पानांत बिस्किटाचा चुरा सापडतोय. घरात झुरळं झाली असावीत.

१७ मार्च, सोमवार

पाव रोज चांगले होतायत. तरी जिवाला चैन नाही. प्रोग्रॅम कुणी उघडून बघेल का, बिजागऱ्या काढणाऱ्या त्या चार ओळी दिसतील का, याचीच धास्ती. कुलूप आज दिवसभर आपल्या प्रोग्रॅममध्ये काहीतरी करत होते. एका बोटानं टाइप करतात. टक. मग दोन मिनिटं शांतता. मग टक. दर वेळी माझा जीव वरखाली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच.

संध्याकाळी मुलीनं विचारलं, "आई, एखाद्यानं कुलूप न तोडता नुसत्या बिजागऱ्या काढल्या तर ती चोरी होते का?" मी म्हटलं, "शाळेत शिकवतात का हे?" म्हणाली, "हो, नागरिकशास्त्रात."

अभ्यासक्रम बराच सुधारला आहे.

१८ मार्च, मंगळवार

आज सगळं धुळीला मिळालं.

साहेब स्वतः खाली आले होते, कारखान्यातल्या चार जणांना घेऊन. मी बटण दाबलं. भट्टीनं एक लांब शिट्टी मारली आणि गप्प झाली. पडद्यावर ओळ आली: 'तापमान नावाचं फील्ड सापडलं नाही.' परत दाबलं. परत शिट्टी. मावशी मळलेल्या पिठाचे चाळीस गोळे घेऊन उभ्या होत्या. ते फुगत होते.

कुलूप खाली आले, पडद्याशी वाकले आणि पांढरेफटक पडले. "हे फील्ड मी कालच मोडलं. एकाची दोन केली, दाराजवळचं वेगळं आणि पोटातलं वेगळं. कुणी वापरत नाही म्हणून नावं बदलली. प्रायव्हेट होतं ना ते?"

ज्याला हात लावायला कुणालाच परवानगी नाही, ते मालकानं कधीही बदलावं. त्यानं कुणाला कळवायचं?

साहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, "नऊ दिवस राहिलेत. जमत नसेल तर आत्ताच सांगा. आपण दुसऱ्या कुणाला तरी देऊ." आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

मुद्दाम केलं कुलपांनी. माझं यश बघवलं नाही. नेमकं तेच फील्ड, नेमकं कालच! अठरा वर्षं हात लावला नव्हता.

पिठाचे गोळे फुगून ट्रेबाहेर आले. मावशी म्हणाल्या, "निदान एक तरी वर आलं आज."

१९ मार्च, बुधवार

दुपारी कारखान्याची वीज गेली म्हणून तीन वाजताच सोडलं. घरी आले तर शिलाई मशीनवर माझी वही, वहीवर बिस्किटांची बशी, आणि समोर माझी मुलगी. कालचं पान उघडं होतं.

मी जे काही ओरडले ते इथं लिहिण्यासारखं नाही. तशीही ती वाचेलच. शेवटी मी म्हटलं, "प्रायव्हेट म्हणजे काय, कळतं का तुला?"

ती रडेल असं वाटलं होतं. उलट उभीच राहिली. "कळतं. मी वाचायला नको होती. चूक आहे माझी. पण तू विचारू कुठं देतेस? पहिल्या दिवशी नळ सोडून पाऊण तास रडत होतीस. साबण म्हणे! मी बाहेरून विचारलं तर म्हणे 'काही नाही, छान'. केस जळून आलीस तेव्हाही 'छान'. मला वाटलं तू आजारी आहेस आणि आमच्यापासून लपवतेयस. बाबांना विचारलं तर ते म्हणाले, तुझी आई ठीक आहे, तीच तसं म्हणाली."

मी म्हटलं, "तरी हे वागणं..."

"चूक आहे म्हटलं ना मी! पण तू काय केलंस? त्या काकांना विचारायला लाज वाटली म्हणून मागच्या दारानं गेलीस. मीही तेच केलं. फक्त माझ्या भट्टीनं शिट्टी मारली नाही." मग म्हणाली, "आणि आई, ते दोन वाजले असं म्हणत नव्हते गं. दोन तापमानं झाली म्हणत होते. तुला वाचवायला बघत होते ते."

मी मटकन खाली बसले. बशीवर.

'दोन होतात.' सहा तारखेलाच म्हणाले होते. मी त्यांच्या मनगटाकडे बघत बसले होते.

शिक्षा ठरली: पंधरा दिवस भांडी तिनं घासायची. आणि जेवताना तिनं विचारलं की मी खरं उत्तर द्यायचं. दुसरी शिक्षा कुणाला आहे ते ठरलं नाही. ही वही आता टेबलावर उघड्यावर ठेवते. ती म्हणते, "आता नाही वाचणार. मजाच गेली."

२१ मार्च, शुक्रवार

काल दिवसभर धीर झाला नाही. आज सकाळी गेले. कुलपांच्या टेबलासमोर उभी राहिले आणि म्हटलं, "सर, मला तुमचं तापमान हवंय."

त्यांनी कपाळाला हात लावला.

मग मी सगळं नीट सांगितलं. माझं वेगळं फील्ड, बिजागऱ्या, सगळं. ते ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी खिशातून किल्ली काढली, ड्रॉवर उघडला आणि एक जाड वही काढली. त्यात अठरा वर्षांच्या नोंदी. तारीख, दारापाशी किती, पोटात किती, पाव कसा झाला. पावाबद्दलचा शेरा मावशींच्या अक्षरात: 'बरा', 'कच्चा', 'याला लाज वाटायला हवी'.

"तापमापी दाराजवळ असते," ते म्हणाले. "ती कमी दाखवते. हिवाळ्यात जास्तच कमी. मी त्यात दुरुस्ती मिसळतो, मग खरा आकडा येतो. सुरुवातीला हे फील्ड उघडं होतं. आमच्याकडे एकजण होता, त्यानं दार उघडतं का ते बघायला बाहेरून त्यात वीस लिहिलं आणि पुसायचं विसरला. भट्टी होती दोनशेवर. प्रोग्रॅमला वाटलं गार झाली, त्यानं दाराची कडी सोडली. समोर मावशी होत्या."

मी आणि कुलूप चाचणीच्या खोलीत गेलो. मावशींनी न विचारताच बाही वर केली. कोपरापासून मनगटापर्यंत कातडी गुळगुळीत, चकाकणारी. "हा एक आठवडा रडला," कुलपांकडे हनुवटी करून म्हणाल्या. "मी दोनच दिवस."

"त्याच दिवशी प्रायव्हेट केलं," कुलूप म्हणाले.

मी म्हटलं, "पण सर, मला लिहायचं नाहीच आहे. नुसतं वाचायचंय. वाचायला तरी एखादी वाट का नाही ठेवलीत?"

"अठरा वर्षांत कुणी मागितलीच नाही," ते म्हणाले.

सोमवारचंही विचारून टाकलं. ते कानापर्यंत लाल झाले. म्हणे, तीन मजल्यांना दारापाशी एक आणि पोटात एक असे वेगळे आकडे लागतील, मला पुढं अडू नये, म्हणून गुपचूप करून ठेवत होते. झाल्यावर दाखवणार होते. मी काय काय लिहिलंय त्यांच्याबद्दल या वहीत! खोडणार नाही. राहू दे तसंच.

मग आम्ही विचार केला. प्रायव्हेटऐवजी प्रोटेक्टेड केलं तर? म्हणजे परक्यांना बंद, पण अपत्य असलेल्या क्लासांना मोकळं. मावशी पीठ मळता मळता ऐकत होत्या. "नको," म्हणाल्या. "घरचीच पोरं आधी हात घालतात."

म्हणून फील्ड प्रायव्हेटच राहिलं. कुलपांनी त्याच्या शेजारी तीन ओळींचं एक छोटं फंक्शन लिहिलं, नाव 'किती तापली'. कुणीही विचारावं, ते आकडा सांगेल. बदलू मात्र देणार नाही. एका बोटानं, टक, टक, वीस मिनिटं लागली. मी तीन आठवडे झटले ते या तीन ओळींसाठी.

२४ मार्च, सोमवार

तिन्ही मजले चालतायत. माझ्या क्लासमधून बिजागऱ्यांच्या चारही ओळी काढून टाकल्या. डोक्यावरून गोणी उतरल्यासारखं वाटलं.

नवीन अडचण वेगळीच. कुलूप आता बोलतात. सकाळी आले की सुरू. तापमापीचा इतिहास, अठरा वर्षांतल्या हिवाळ्यांची तुलना, आधीच्या साहेबांचा स्वभाव, त्यांच्या बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन. दुपारी मावशींनी मला कोपऱ्यात घेतलं. "उघडलंस ते चांगलं केलंस. आता बंद कसं करायचं तेही वाच कुठंतरी."

घरी जेवताना खरं उत्तर दिलं. नवरा म्हणाला, "म्हणजे तू इतके दिवस भट्टीवर काम करत होतीस?"

२७ मार्च, गुरुवार

गिऱ्हाईक म्हणजे एक उंच, पांढऱ्या केसांच्या बाई. त्यांच्या सहा बेकऱ्या आहेत. हसल्या नाहीत. पाणीसुद्धा घेतलं नाही. पर्स काखेत धरून भट्टीभोवती दोन चकरा मारल्या, दाराचं रबर बोटानं दाबून बघितलं आणि म्हणाल्या, "लावा."

लावलं. तिन्ही मजले तापले, घंटी वाजली, पाव आत गेले. सगळं बिनबोभाट. साहेबांचा चेहरा खुलायला लागला होता. तेवढ्यात बाईंनी विचारलं, "तळच्या मजल्याचं दार मध्येच उघडून गार पीठ घातलं, तर वरच्या मजल्याचं तापमान किती उतरतं?"

साहेब लगेच म्हणाले, "काहीच नाही! प्रत्येक मजला स्वतंत्र आहे."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी कुलपांकडे. त्यांनी मान हलवली. माहीत नाही. मावशींनी खांदे उडवले. आम्ही कुणी मोजलंच नव्हतं. एका क्षणात माझ्या डोळ्यांसमोर तीन महिने, बसथांबा, प्रिंटर आणि बेसिन सगळं येऊन गेलं.

म्हटलं, "मला माहीत नाही."

साहेब खोकले. मी पुढं म्हटलं, "पण आत्ता मोजता येईल. तुम्हाला वेळ असेल तर."

"आहे," बाई म्हणाल्या आणि पहिल्यांदाच पर्स खाली ठेवली.

मावशींनी तळाचं दार उघडून थंड पिठाचा ट्रे सरकवला. मी आणि कुलूप पडद्यासमोर बसलो. प्रत्येक मिनिटाला वरच्या मजल्याला विचारायचं, किती तापली? दोनशे दहा. दोनशे आठ. दोनशे चार. कुलूप वहीत लिहीत होते. साहेब भिंतीकडे तोंड करून उभे होते. सातव्या मिनिटाला एकशे नव्याण्णव, आणि तिथून परत चढायला लागलं.

"अकरा उतरतं," मी म्हटलं. "सात मिनिटांत. पुढच्या नऊ मिनिटांत भरून निघतं."

"माझ्या आत्ताच्या भट्टीत बारा उतरतं," बाई म्हणाल्या. "रोज वरच्या मजल्याचे पाव फिकट निघतात. याआधी दोन ठिकाणी जाऊन आले. दोघांनीही सांगितलं, काहीच नाही." मग साहेबांकडे वळल्या. "दोन भट्ट्या पाठवा. आणि ते अकरा आधीच धरून वरचा मजला थोडा जास्त तापवता येईल का, ते ह्या बाईंना बघायला सांगा. ह्याच बाईंना."

साहेब म्हणाले, "हे काम आमच्याकडे ह्याच बघतात. आता कायमच्याच आहेत."

हे मला आत्ताच कळत होतं. कुलपांनी माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. दोन्ही एकदम, एक मिटता येत नाही त्यांना.

ट्रे बाहेर आला. बाईंनी एक पाव फोडला, अर्धा स्वतः घेतला, अर्धा माझ्यापुढं धरला. तेव्हा लक्षात आलं की महिनाभरात जवळजवळ सातशे पाव भाजले आणि मी एकही तोंडात घातला नव्हता. आकडे बघण्यातून सवडच मिळाली नाही. खाल्ला. गरम होता, हलका, कड कुरकुरीत.

"कसा आहे?" बाईंनी विचारलं. सगळे माझ्याकडे बघत होते. मावशी तर जास्तच.

म्हटलं, "मीठ कमी आहे."

मावशींनी कमरेवर हात ठेवले. मग बाई हसल्या. चांगल्या खळखळून. "आहेच," म्हणाल्या. "मला वाटलं इथं तेही कुणी सांगणार नाही."

२८ मार्च, शुक्रवार

मावशी सकाळपासून माझ्याशी बोलल्या नाहीत. कुलूप दोनदा मध्यस्थी करायला गेले आणि दोनदा तोंडाला पीठ लागून परत आले. तीन वाजता मावशी स्वतः वर आल्या. प्रिंटर आणि बेसिनच्या मधोमध, माझ्या कीबोर्डवर, मिठाचा पाच किलोचा डबा आदळला.

"सोमवारी साडेसहाला ये," म्हणाल्या. "साठ पावांचं पीठ आहे. किती घालायचं ते तूच सांग. आणि हात धुऊन ये."